विहिरीची खोली आणि कोळशाचा धूर

आपल्या जिल्ह्यांतील एखाद्या मळ्यांत विजेचा पंप चालूं असतां तेथें धूर म्हणून कोठें दिसत नाहीं. बटण दाबावें, कीं पाटांत धार पडते. परंतु ती वीज येते कोठून? महाराष्ट्रांतील पुष्कळशी वीज चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणीं दगडी कोळसा जाळून उत्पन्न होते. आपल्या मळ्याचा धूर तेथें निघतो!

कोळशांतील मुख्य द्रव्य कर्ब होय. १२ किलो कर्ब जळतांना हवेंतील ३२ किलो प्राणवायूशीं संयोग पावून ४४ किलो कर्बाम्लवायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, तयार होतो. हा वायु पृथ्वीची उष्णता कोंडून धरितो. हवाई बेटावर १९५८ सालीं त्याचें मोजमाप सुरू झालें, तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें ३१५ भाग होता; २०२४ सालीं ४२० हून अधिक झाला.

विजेची मागणी वाढली म्हणजे सुबत्ता वाढली, असा आपला समज असतो. विहिरीचा हिशेब मात्र निराळा आहे. १,००० लिटर पाणी १० मीटरांवरून उपसण्यास जी शक्ति लागते, तिच्या दसपट १०० मीटरांवरून लागते. पंपांत निम्मी शक्ति वायां जाते असें धरल्यास अर्ध्या युनिटाहून किंचित् अधिक वीज झाली. आणि कोळशाच्या विजेच्या एका युनिटामागें जवळजवळ एक किलो कर्बाम्लवायु हवेंत जातो. पाणी खोल गेलें, कीं पीक तेवढेंच राहून धूर मात्र वाढतो.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार गांवानें उलट वाट धरिली. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें डोंगरउतारावर समतल चर खोदण्यांत आले, शेतीसाठीं बोअर घेण्यास बंदी झाली, ऊस व केळी वर्ज्य ठरलीं. पाऊस किती पडला हें मोजून मग कोणतें पीक घ्यावयाचें तें ग्रामसभेंत ठरतें. कर्बाम्लवायूचा विचार तेव्हां कोणाच्या मनांत नसेल. पाण्याचें दुर्भिक्ष मात्र प्रत्येक घरांत होतें. तरीही पाणी वर आलें, तेव्हां उपशाचें अंतर आपोआप घटलें.

आतां सूर्यशक्तीवरील पंप आले आहेत. त्यांपासून धूर निघत नाहीं, ही मोठीच गोष्ट. परंतु ऊन फुकट असल्यामुळें पंप दिवसभर चालूं ठेवण्याचा मोह होतो, आणि विहिरीचें पाणी उन्हाइतकें अमाप नाहीं.