वायफाय मधूनच का तुटते?

देवास गावात पूर्वी थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदत. १९४८ साली ती मध्यभारतात विलीन होईपर्यंत एकाच गावात दोन कारभार चालत.

घरातील इंटरनेटचेही तसेच असते. बाहेरून राउटरपर्यंत येणारी तार हा एक कारभार; राउटरपासून फोनपर्यंतच्या बिनतारी लहरी, म्हणजे वायफाय, हा दुसरा. बिघाड एकीकडे व उपाय दुसरीकडे झाला, की नवा राउटर आणूनही दूरदेशीच्या मुलाशी चाललेले आईचे बोलणे अर्ध्यावर तुटतच राहते.

म्हणून प्रथम दोष कोणत्या बाजूचा ते ओळखावे. एक संगणक केबलने थेट राउटरला जोडून ठेवावा. खंड पडताच तोही अडला, तर दोष बाहेरच्या मार्गात किंवा खुद्द राउटरात असतो. सारे दिवे विझून पुन्हा लागले, तर वीजपुरवठा व अडॅप्टर तपासावा. फायबरच्या जोडणीचा तांबडा दिवा लागला, तर तार कोठे मुडपली आहे का ते पाहावे.

केबलवर सुरळीत, पण फोनवर खंड, तर दोष लहरींचा. धार-देवासच्या जुन्या वाड्यांतील जाड भिंती त्या अडवितात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे दुबळ्या; २.४ च्या दूरवर पोचतात, परंतु तेथे शेजाऱ्यांचे राउटर व मायक्रोवेव्ह भट्टी यांची गर्दी होते. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा.

एका वेळी एकच बदल करावा, आणि खंड पडल्याच्या वेळा आठवडाभर टिपाव्यात. ‘मधूनमधून जाते’ या तक्रारीपेक्षा असे टिपण कारागिराच्या अधिक उपयोगी पडते.