मन की मण? दिन की दीन?



आपल्या मराठीत काही शब्द जुळ्या भावांसारखे आहेत. ऐकायला सारखे, पण अर्थ अगदी वेगळे. अशा काही जोड्या मी गोळा केल्या आहेत.

आपल्या वऱ्हाडी बोलीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'य' होतो. माझी आजी म्हणते, "पानी आन बाबू. कोन आलं, पाय बरं." ऐकायला किती गोड वाटते! पण लिहिताना जपावे लागते. 'कोण' हा प्रश्न, तर 'कोन' भूमितीतला. 'मण' म्हणजे ४० शेरांचे जुने वजन, तर 'मन' आपल्या आत असते. "दहा मन ज्वारी झाली" असे लिहिले, तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. आजीचा 'काया बैल' म्हणजे काळा बैल. पुस्तकातली 'काया' म्हणजे शरीर.

म्हणून कोणी 'पानी' म्हटले तर त्याला हसू नका बरं का! घरी 'पानी' म्हणावे, वहीत 'पाणी' लिहावे. दोन्ही मराठीच.

दुसरी गंमत ऱ्हस्व-दीर्घाची. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, बिचारा. ५ सप्टेंबरला फळ्यावर 'शिक्षक दीन' लिहिले, तर आपले गुरुजीच बिचारे ठरतील! तसेच आपल्या जिल्ह्यात पिकणाऱ्या कापसाचे होते ते 'सूत', आणि 'सुत' म्हणजे मुलगा.

मग ओळखायचे कसे? मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले. १९७२ साली आणखी ४ आले, म्हणजे एकूण १८ झाले. त्यांतला एक असा : मराठी शब्दाच्या शेवटी 'अ' असेल, तर त्याच्या आधीच्या अक्षराची इ-उची वेलांटी किंवा उकार दीर्घ. जसे फूल, मूल, सूत. मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले दिन, सुत, गुण हे शब्द मुळाप्रमाणेच लिहायचे. आणि प्रत्यय लागला की 'फूल'चे 'फुलाला', 'सूत'चे 'सुताला' होते. तिथे उकार ऱ्हस्व!

आता तुम्ही सांगा : 'शिर' आणि 'शीर' यांत डोके कोणते, आणि रक्त वाहते ती कोणती? उत्तर वहीत लिहून आणा. आईबाबांनाही विचारा हं!