अपुरा कर्णा-ग्रामोफोन : ओळख आणि डागडुजी

सोलापुरांत 'भोंगा' हा शब्द दीर्घकाळ गिरणीशीं जोडलेला होता. कामगारांच्या दिवसाचा आरंभ व शेवट त्याच्याच हांकेवर होई. परंतु कसब्यांतील किंवा साखर पेठेंतील एखाद्या जुन्या वाड्याचा माळा आवरतांना कधीं कधीं निराळ्याच भोंग्याचे अवशेष हातीं लागतात. एक लाकडी पेटी, तिच्यांत गंजानें जखडलेलें यंत्र, वर एक गोल फिरती चकती. आणि ज्याच्यामुळें या वस्तूला रूप व वाणी लाभली, तो कर्णा मात्र बेपत्ता. चावी नाहीं, ध्वनिपेटीहि नाहीं. घरांतील मंडळींस प्रथम वाटतें तें हें कीं, बाजारांतून चकचकीत पितळी कर्णा आणून बसवावा आणि यंत्र दिवाणखान्यांत शोभेस ठेवावें. या घाईंतच जुन्या वस्तूचा खरा नाश होतो. यंत्र पुरें करण्यापूर्वीं तें कोणतें आहे, हें ठरविलें पाहिजे.

पहिला प्रश्न जातीचा. लोकव्यवहारांत दोहोंसहि 'फोनो' म्हणत असले, तरी फोनोग्राफ व ग्रामोफोन हीं दोन भिन्न यंत्रें होत. एडिसननें १८७७ सालीं सिद्ध केलेल्या फोनोग्राफांत ध्वनि नळकांड्यावर उमटे. एमिल बर्लिनर याच्या, १८८७ मधील पेटंटापासून वाढत गेलेल्या ग्रामोफोननें सपाट तबकडी प्रचारांत आणली. पेटीवर आडवा दंडगोल व त्याच्या जोडीस बारीक आट्यांचा लांब स्क्रू असेल, तर तो फोनोग्राफ. उभ्या आंसावर चकती असेल, तर तो ग्रामोफोन. या दोहोंची अदलाबदल एका जगप्रसिद्ध चित्रांतहि झालेली आहे. कर्ण्यापुढें कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचें फ्रान्सिस बरॉ याचें चित्र मुळांत नळकांड्याच्या फोनोग्राफचें होतें. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीनें तें घेतांना चित्रकाराकडूनच त्यावर तबकडीचें यंत्र रंगवून घेतलें.

दुसरा प्रश्न वयाचा. पेटीवर धातूची पट्टी शिल्लक असेल, तर तिच्यावर पेटंटांच्या तारखा कोरलेल्या आढळतात. त्यांतील शेवटची तारीख हीच खरी उपयोगाची. यंत्र त्या तारखेच्या पूर्वींचें असूं शकत नाहीं. पट्टी गेली असल्यास स्क्रूंचीं भोंकें बोलतात. १९०३ च्या सुमारापर्यंत कर्णा सरळ ध्वनिपेटीलाच जोडलेला असे आणि पेटीच्या पुढच्या बाजूनें निघालेला एक दांडा त्याला पेलून धरी. पुढें पोकळ नळीचा हात, म्हणजे टोन-आर्म, आला आणि कर्ण्याचा भार पेटीच्या मागील कंसावर गेला. भोंकें पुढें आहेत कीं मागें, एवढ्यावरून हरवलेल्या कर्ण्याची ठेवण कळूं शकते.

यंत्रासोबत सांपडलेल्या तबकड्याहि साक्ष देतात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला आणि गौहरजान हिचें गाणें त्याच वर्षीं मुद्रित झालें. त्या काळीं येथील गाणें मेणावर मुद्रित होऊन जर्मनींतील हानोव्हरला जाई व तेथें तबकडी छापली जाई. कलकत्त्याजवळ सियालदा येथें कारखाना निघाला तो १९०८ सालीं. म्हणून एकाच बाजूस गाणें असलेली, लेखणी धरलेल्या देवदूताची खूण असलेली व हानोव्हरचा उल्लेख असलेली तबकडी त्या पहिल्या कालखंडांतील समजावी. ब्रिटिश तबकड्यांवर कुत्र्याचें चित्र १९०९ पासून येऊं लागलें. मात्र तबकड्या व यंत्र निरनिराळ्या काळीं विकत घेतलेलीं असूं शकतात. केवळ एका पुराव्यावर निकाल देऊं नये.

तिसरा प्रश्न खरेपणाचा. मुंबईच्या चोर बाजारांत व देशांतील इतर बाजारांत गेल्या कांहीं दशकांपासून 'पुरातन' म्हणून विकले जाणारे पुष्कळ कर्णा-ग्रामोफोन नवे बनविलेले असतात. कर्ण्याशिवायच्या, हातांत नेण्याच्या पेटी-ग्रामोफोनचें यंत्र काढून नव्या नक्षीदार किंवा अष्टकोनी पेटींत बसवावयाचें, पातळ पितळेचा कर्णा जोडावयाचा आणि वर कुत्र्याची चकती ठोकावयाची, अशी ही रीत. पेटीच्या आंत नवें लाकूड, ओबडधोबड ओतलेला कंस आणि १९३० च्या आसपासची ध्वनिपेटी एकत्र दिसली, कीं संशय धरावा. पितळ हा मात्र स्वतः दोष नव्हे. जुने कर्णे पितळेचे होते, रंगविलेल्या पत्र्याचे होते आणि लाकडाचेहि होते. सर्व भाग एकाच वयाचे आहेत कीं नाहींत, हीच कसोटी.

ओळख पटल्यावर डागडुजीस हात घालावा. प्रथम प्रत्येक भागाचें छायाचित्र घ्यावें. जखडलेल्या यंत्रास जोरानें चावी देऊं नये. कमानीचा डबा घरीं तर मुळींच उघडूं नये. आंतील पोलादी पट्टी कित्येक फूट लांब असते व ती उसळल्यास हात फाडून टाकते. हें काम जाणकारानें, कमानीचा ताण पूर्ण उतरवून, करावयाचें आहे. जुनें वंगण घट्ट झाल्यामुळें कमान फिरतांना धक्के देते. तें धुऊन शिसपेन्सिलींतील ग्राफाइट मिसळलेलें वंगण भरतात. गतीचा नियामक, म्हणजे तीन वजनांचा गव्हर्नर, स्वच्छ करून तेलाचा एखादा थेंब पुरे. चकती साधारणपणें मिनिटास ७८ फेरे घेते. तबकडीच्या कडेखालीं कागदाचा कपटा ठेवून ते मोजतां येतात. १९२५ पूर्वींच्या तबकड्यांची गति मात्र थोडी कमी-अधिक असते.

ध्वनिपेटींतील अभ्रकाचा पडदा धड असेल, तर तो बदलूं नये. त्याच्या भोंवतालचें रबर मात्र सोलापुरी उन्हाळ्यानें दगडासारखें झालेलें असतें. तेवढें बदलल्यानें आवाजाची खरखर बरीच जाते. जस्तमिश्रित धातूचे भाग फुगून तडकलेले असतील, तर ते पिरगळून काढूं नयेत. हरवलेला स्क्रू वा चावीचा दांडा यंत्रमागांच्या या शहरांतील कुशल कारागीर लेथवर सहज बनवूं शकतो. परंतु इंग्रजी यंत्रांचे आटे इंचाच्या मापाचे असतात, हें त्यास आधीं सांगावें. नव्या भागावर न दिसेल अशा जागीं वर्ष कोरावें, म्हणजे पुढच्या पिढीची फसगत होणार नाहीं. पेटीचा मूळ रंग व विक्रेत्याची चिठ्ठी घासून काढणें म्हणजे पुरावाच पुसणें होय.

सोलापूरची हवा कोरडी असल्यामुळें लोखंड कोंकणांतल्यापेक्षां कमी गंजतें. पण वैशाखांत पारा चाळीस अंशांपलीकडे गेला कीं लाखेच्या तबकड्या वांकतात. त्या उभ्या, सावलींत व तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. पोलादी सुई एका बाजूस एकदांच वापरावी. जुन्या ध्वनिपेटीचें वजन शंभर ग्रॅमहून अधिक असतें आणि झिजलेली सुई त्या भारानें चरा खरवडून काढते. दुर्मिळ तबकडी जुन्या यंत्रावर वाजविण्यापेक्षां हलक्या सुईच्या आधुनिक यंत्रावर तिची प्रत करून घेणें शहाणपणाचें. १९९० सालीं मुंबईस स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था अशा संग्राहकांचीच आहे.

चरा एकदां पुसला गेला कीं त्यांतला गळा कोणत्याहि कारागिरास परत आणतां येत नाहीं. कर्णा मात्र दहा वर्षांनींहि मिळूं शकतो. म्हणून योग्य कर्णा लाभेपर्यंत यंत्र कर्ण्याविना राहिलें, तरी त्यांत कमीपणा नाहीं. जें हरवलें आहे त्याची प्रामाणिक नोंद ठेवणें, हा डागडुजीचाच एक भाग होय.