पाऊस मुरावा कोठे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री आम्ही कुर्ल्याच्या एका चाळीत, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, कामगारांची पोरे माळ्यावर चढवीत होतो. तो पाऊस अफाट होता, यात वाद नाही. परंतु आषाढातल्या साध्या सरीनेही त्याच मोऱ्या दर वर्षी का तुंबतात, हे कोडे राहिलेच. आमची शाळा लवकर सुटली. म्हणून थोडे पुस्तकांतून आणि बरेचसे नाले उपसणाऱ्या आमच्या सभासदांकडून शिकलो.

मुंबईची जुनी गटारे ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून जावा अशा बेताने बांधलेली. त्यातही निम्मा पाऊस जमिनीत मुरेल असे धरलेले. खरी गोम येथे आहे. एक चौरस मीटरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरांच्या अंगणात त्या तासाला २५०० लिटर पडले. निम्मे मुरले तर मोरीकडे १२५० जातील. अंगणाला फरशी घाला, जवळजवळ सगळेच जाईल. मोरी तेवढीच, काम दुप्पट! कामगारावर असा बोजा पडला तर आम्ही संप पुकारतो. मोरी बिचारी तुंबून दाखविते.

तेव्हा अंगणाच्या सखल कडेला हातभर खोल, पसरट चर खणावा, त्यात वाळूमिश्रित भुसभुशीत माती घालावी, पन्हळीचे पाणी तिकडे वळवावे आणि वाळा लावावा. वाळ्याची मुळे सरळ खाली दोन-तीन मीटरही जातात व माती मोकळी ठेवतात. शोभेच्या हिरवळीची मुळे उथळ, आणि उन्हाळ्यात तिला रोज पाणी हवे. वाळ्याला चार महिने ओल व आठ महिने कोरड ठाऊक आहे. कोणी डासांचे भय घालील. पाणी एक-दोन दिवसांत मुरले, तर डासाच्या अळीला वाढावयास आठवडा कोठून मिळणार? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २०११ साली अशाच कामांची पंचवीस वर्षांची योजना हाती घेतली.

९४४ मिलिमीटरांपुढे असले चर टिकणार नाहीत, हे उघड आहे. तेथे नदीला पसरावयास जागा आणि खाडीकाठची तिवरे हवीत. मिठीच्या काठी भराव घालून तीच घालविली.

आमच्या चाळीच्या मालकाने अंगणभर फरशी घातली होती. दोन वर्षे भांडून आम्ही कडेची पट्टी उखडून घेतली व वाळा लावला. मोठ्या सरीला मोरी अजून तुंबते. मात्र पाणी आता उंबरठ्यापाशी थांबते.