गाठीविना पकड

उंच झाडांवर दोराने चढून फांद्या छाटणारे कामगार ज्या दोरावर लटकतात, त्याच्या टोकाला अनेकदा गाठ नसते. दोराचे टोक दोरातच ओवून केलेला एक डोळा असतो. यालाच ‘आय स्प्लाइस’ म्हणतात.

गाठीत दोराला तीव्र वळण मिळते. बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात, आतले ढिले राहतात. भार सारखा वाटला न गेल्याने तिथे दोराची ताकद साधारण २० ते ४० टक्क्यांनी घटते. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये ही घट बरीच कमी असते.

ही किमया घर्षणाची. दुहेरी विणीच्या दोरात गाभा आणि आवरण असे दोन गोफ असतात. शिकणारा आवरणाचे टोक गाभ्यात आणि गाभ्याचे आवरणात ओवतो. मग धार काढावी तसे आवरण हाताने पुढे सरकवून सारे झाकतो. भार आला की गोफ लांबतो, अरुंद होतो आणि आतले टोक आवळून धरतो. दोर सैल पडला की पकडही सैलावते. म्हणून वर टाके घालतात. टोक निमुळते करणेही गरजेचे, नाहीतर जाडी एकदम बदलते तिथे दोर कमकुवत होतो.

धोका असा, की चूक आवरणाखाली लपते. ओवलेले टोक आखूड राहिले तरी डोळा बाहेरून देखणाच दिसतो. म्हणून उत्पादकाने दिलेली मापे काटेकोर पाळायची आणि शिकताना केलेल्या डोळ्यावर लटकायचे नाही. तो यंत्रावर ताणून, तुटेपर्यंत तपासायचा.