नंदादेवीचे माहेर

मध्य हिमालयातील गढवाल आणि कुमाऊँ या दोन्ही प्रदेशांत नंदादेवीची उपासना प्राचीन काळापासून रूढ आहे. ७,८१६ मीटर उंचीचे एक हिमशिखर याच देवीच्या नावाने ओळखले जाते. तिच्या उपासनेचा विशेष असा की, भक्त तिला केवळ जगन्माता मानून थांबत नाहीत. ती त्यांच्या गावची लेकही आहे. या लेकीचे लग्न कैलासवासी शिवाशी झालेले असल्याने ती दूर बर्फात नांदते, कधीमधी माहेरी येते आणि ठरल्या वेळी तिची सासरी पाठवणी करावी लागते. भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या, म्हणजेच नंदाष्टमीच्या सुमारास गावोगाव हा सोहळा होतो. साधारणतः बारा वर्षांनी निघणारी ‘राजजात’ हे त्याचे सर्वांत भव्य रूप होय. मराठी वाचकाने येथे ‘जात’ या शब्दाने फसू नये. ‘यात्रा’ या संस्कृत शब्दापासून मराठीत जशी ‘जत्रा’ आली, तशीच गढवालीत ‘जात’ आली. बारा वर्षांचा नेमही परंपरेने सांगितलेला एवढेच. प्रत्यक्षात अलीकडच्या राजजाती १९६८, १९८७, २००० आणि २०१४ या वर्षी निघाल्या.

१९८७ सालच्या राजजातेत पायी सहभागी झालेले मानवशास्त्रज्ञ आणि धर्माभ्यासक विल्यम सॅक्स यांनी या उपासनेवर ‘माउंटन गॉडेस’ हा ग्रंथ लिहिला. तो १९९१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केला. शिकागो विद्यापीठात घडलेले सॅक्स पुढे न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठात आणि नंतर जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अध्यापन करीत राहिले. गढवालातील पांडवलीलेवर (२००२) आणि भैरवाच्या उपासनेवर (२००९) त्यांचे आणखी दोन ग्रंथ आहेत. तथापि स्त्री, धर्म आणि पर्वतीय संस्कृती यांच्या परस्परसंबंधांचा विचार करू पाहणाऱ्यास पहिला ग्रंथच अधिक उपयुक्त ठरतो.

सॅक्स यांच्या विवेचनाचा केंद्रबिंदू वरकरणी साधा वाटणारा एक प्रश्न आहे : विवाहित स्त्री कोठली? गढवालात मुलगी सामान्यतः गावाबाहेर दिली जाते. तेथील पुरुषांच्या आणि विशेषतः पुरोहितवर्गाच्या मते विवाहसंस्काराने तिचे गोत्र पालटते. ती पतीच्या कुळाची होते आणि तिचा जन्मस्थानाशी असलेला संबंध तत्त्वतः संपतो. स्त्रियांचे म्हणणे निराळे आहे. ज्या मातीत जन्म झाला, जेथले अन्नपाणी अंगी लागले, त्या स्थळाशी जडलेले नाते लग्नाने तुटत नाही, असे त्या मानतात. सॅक्स यांची मार्मिकता येथे दिसते. हे दोन पक्ष दोन वेगळ्या जगांतले नाहीत, हे त्यांनी नेमके हेरले आहे. माणूस आणि त्याचे स्थान यांच्यात काही सत्त्वाची देवघेव चालू असते, हे गृहीतक दोन्ही पक्षांना मान्य आहे. त्याच गृहीतकावरून पुरुष म्हणतात की, सासरचे अन्नपाणी घेऊन सून सासरची होते. स्त्रिया म्हणतात की, माहेरचे जे अंगी मुरले ते जात नाही. वाद श्रद्धेचा नाही, एकाच श्रद्धेतून काय निष्पन्न होते याचा आहे. धर्मविचारात स्त्रियांचे मत नोंदवताना त्यास ‘लोकसमजूत’ म्हणून बाजूस सारण्याची जी सवय अभ्यासकांना जडली आहे, तिला हे उत्तर पुरेसे आहे.

या वादात भाषेची साक्ष मोलाची आहे. लग्न होऊन गेलेल्या गावच्या लेकीस गढवालीत ‘ध्याणी’ म्हणतात. या शब्दाचे मूळ संस्कृत ‘दुहितृ’पर्यंत जाते; पंजाबीतील ‘धी’ आणि कोंकणीतील ‘धूव’ ही त्याच घराण्यातील रूपे होत. तिच्या माहेरास ‘मैत’ आणि सासरास ‘सौर्यास’ म्हणतात. सासरी ती ‘ब्वारी’ असते, म्हणजे सून. परंतु मैताच्या दृष्टीने ती अखेरपर्यंत ध्याणीच. तिच्या केसांना रुपेरी छटा आली आणि तिला नातवंडे झाली, तरी नाव पालटत नाही. पुरुषांचे शास्त्र गोत्र पालटल्याचे सांगत असताना त्यांचीच बोली जन्माचे नाते विसरायला तयार नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नंदादेवी ही अशी ध्याणी आहे. तिच्या जागरगीतांतून जे कथानक पुढे येते त्यात ती कैलासावर कुढत असते : नवरा अंगाला राख फासणारा जोगी, भोवती बर्फ, घरी धान्य नाही आणि माहेरच्यांनी बोलावणे धाडलेले नाही. उपेक्षिलेल्या या लेकीचा ‘दोष’ मग माहेरास लागतो आणि गावावर संकटे कोसळतात. तेव्हा कोठे माहेरच्यांना जाग येते. हा दोष केवळ देवीपुरता मर्यादित नाही. जिवंत ध्याणीचा तळतळाटही असाच बाधतो, अशी तेथील दृढ समजूत आहे. म्हणूनच सणावारी तिला बोलावणे आणि रिकाम्या हाताने न पाठवणे हे भावांचे कर्तव्य ठरते. देवीची डोली निघते तेव्हा गावच्या ध्याणी रडतात. त्या देवीसाठी रडतात की स्वतःसाठी, हे सांगणे कठीण आहे आणि तसे वेगळे काढू पाहणेही बहुधा चुकीचे आहे.

राजजातेचा मार्ग या कथानकाचा भूगोल आहे. चमोली जिल्ह्यातील नौटी गावाहून निघणारी ही यात्रा सुमारे २८० किलोमीटर चालते आणि तिला जवळजवळ तीन आठवडे लागतात. प्राचीन राजघराण्याची शाखा समजले जाणारे कांसुवा येथील कुंवर तिचे यजमान असतात. अग्रभागी चार शिंगांचा मेंढा चालतो. देवीस द्यावयाची वस्त्रे आणि भेटी त्याच्या पाठीवर असतात आणि शेवटी होमकुंडापाशी त्यास हिमशिखरांकडे सोडून दिले जाते. नौटी आणि कुरूड या दोन स्थानांत मानपानावरून असलेली चुरस सॅक्स यांनी विस्ताराने वर्णिली आहे. ग्रंथाच्या उपशीर्षकातील ‘राजकारण’ बव्हंशी तेच आहे. प्रस्तुत संदर्भात त्याहून महत्त्वाचे ठिकाण म्हणजे वाण हे मार्गावरील शेवटचे गाव. येथे देवीचा मानलेला भाऊ लाटू याचे मंदिर असून येथून पुढे तोच बहिणीला पोचवायला निघतो. परंपरेने याच गावापुढे स्त्रियांना जाण्यास मनाई होती. निषेधाच्या समर्थनार्थ कनौजच्या राजा जसधवलाची कथा सांगतात : त्याने नर्तकी आणि गर्भवती राणी यांसह यात्रा केली, वाटेत राणी प्रसूत झाली आणि विटाळाने कोपलेल्या देवीने सगळ्या परिवाराचा रूपकुंडापाशी संहार केला. रूपकुंडातील सांगाड्यांच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा हे मृत एकाच प्रसंगी मेलेले नसून त्यांत कित्येक शतकांचे अंतर असल्याचे, आणि तपासलेल्या ३८ व्यक्तींपैकी १४ जणांचा वंश पूर्व भूमध्य प्रदेशाशी जुळत असल्याचे दिसून आले. कथेचा अधिकार त्याने कमी होत नाही. कारण ती सांगाड्यांसाठी नव्हे, निषेधासाठी सांगितली जाते. अलीकडच्या यात्रांत मात्र स्त्रिया वाणच्या पुढेही गेल्या आहेत.

लेकीचा प्रवास, आणि त्याच्या अखेरच्या टप्प्यात लेकीच नाहीत! या विसंगतीतून सॅक्स यांचा निष्कर्ष सिद्ध होतो. त्यांच्या मते गीतांत स्त्रीचे दुःख आणि तिचा पक्ष पूर्णपणे व्यक्त होत असला तरी विधीची परिणती देवीला सासरी पोचवण्यातच होते. म्हणजे यात्रा शेवटी पतिगृहवासाच्या पुरुषप्रधान नियमावरच शिक्कामोर्तब करते. गीत बोलते एक आणि पावले चालतात दुसरीकडे, असा हा प्रकार.

निष्कर्ष विचार करायला लावणारा असला तरी तो पूर्णपणे स्वीकारण्यास एक अडचण आहे. यात्रा कोठे संपते यावर त्यात सगळा भर आहे. ती कशामुळे निघते याचा हिशेब त्या मानाने कमी आहे. राजजात निघते ती दोषाच्या धाकाने, आणि दोष लागतो तो सासरास नव्हे, माहेरास. माहेराशी असलेले नाते तत्त्वतः संपले असते तर लेकीच्या तळतळाटाला तेथे लागू होण्यास आधारच उरला नसता. सासरी पाठवणारा विधीच भावांना पुनःपुन्हा ऋणको ठरवतो, आणि ते ऋण कधी फिटत नाही. पुरुषांच्या तत्त्वज्ञानास त्यांच्याच आचाराने दिलेला हा छेद आहे. स्वतः सॅक्स यांनी पुरवलेल्या सामग्रीतूनच तो दिसतो, हे त्यांच्या प्रामाणिक नोंदींचे श्रेय होय.

मराठी अभ्यासकास ही सामग्री परकी वाटू नये. नंदाष्टमीच्याच सुमारास महाराष्ट्रात ज्येष्ठा गौरी घरोघर येतात : अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. त्याही माहेरवाशिणीच मानल्या जातात. बंगालमध्ये उमेचे पितृगृही आगमन शारदीय दुर्गापूजेच्या रूपाने साजरे होते. पण साम्य पाहून थांबणे बरे नव्हे. गढवालात देवीसोबत प्रत्यक्ष ध्याणी माहेरी परततात. महाराष्ट्रात गौरीचे स्वागत करणाऱ्या बहुधा त्या घरच्या सुना असतात, म्हणजे एक सासुरवाशीण दुसरीला माहेरपण देत असते. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात उत्तरेकडील दूरच्या, अनोळखी सासरापासून महाराष्ट्रातील आतेभावाशी होणाऱ्या विवाहांचे वेगळेपण दाखवले आहे; आत्याच जेथे सासू होऊ शकते तेथे माहेर आणि सासर यांच्यातील दरी त्या मानाने उथळ असणार. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील नद्या आणि यात्रा यांवरील आपल्या ग्रंथांत (१९९५, २००३) देवींच्या अशा नात्यांचा मागोवा घेतला आहे.

शब्दांच्या बाबतीतही मराठीची गोष्ट वेगळी आहे. ‘माहेर’ हे ‘मातृगृह’ या शब्दापासून आले. परंतु स्त्रीला ओळखण्यासाठी मराठीने घडवलेली जोडी ‘माहेरवाशीण’ आणि ‘सासुरवाशीण’ ही आहे. दोन्ही शब्दांत ‘वास’ आहे. ‘ध्याणी’ हा शब्द स्त्रीचा जन्म सांगतो, तर हे दोन शब्द तिचा मुक्काम सांगतात, आणि मुक्काम हलला की त्याच स्त्रीचे नाव पालटते. त्यातही ‘सासुरवास’ या शब्दाचा मूळ अर्थ सासरी राहणे एवढाच असताना मराठी भाषिकांनी त्याला छळाचा अर्थ दिला. ‘माहेरवास’ला तसा कोणताही अर्थ चिकटला नाही. हा अर्थबदल कोणत्या काळी आणि कोणाच्या तोंडी झाला, हे शोधण्यास जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह आज उपलब्ध आहे.