सुटकेनंतरचा पगार

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पोलिसांनी कामाठीपुरा व आसपासच्या वस्तीतील कुंटणखान्यांवर धाडी घातल्या आणि चारशेहून अधिक मुली व स्त्रिया बाहेर काढल्या. त्यांतील जवळजवळ निम्म्या नेपाळच्या होत्या. त्यांना परत घ्यावयाचे की नाही, याविषयी खुद्द त्यांच्या देशाचे सरकारच चाचरत होते. त्यामुळे त्या कित्येक महिने सुधारगृहांत अडकून पडल्या. अखेर जुलैमध्ये नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन शंभरावर मुलींना मायदेशी नेले. या सुटलेल्या मुलींपैकी काहींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ ही आपली संघटना स्थापन केली आणि २०१३ साली तिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ही हकीकत स्फूर्तिदायक खरी, पण अपवादात्मक. नेहमीचा क्रम निराळा असतो. धाड, पंचनामा, वैद्यकीय तपासणी, संरक्षणगृहातील काही महिने, आणि मग एके दिवशी दार उघडते. बाहेर पडणाऱ्या स्त्रीजवळ बहुधा शिधापत्रिका नसते, शाळेचा दाखला नसतो, आणि भावाच्या घरी तिला जागा नसते. तिच्या ओळखीचा एकच पत्ता असतो व तेथे उचल मागितल्यास ती तत्काळ मिळते. परत गेलेल्या स्त्रीला ‘सवय जडली’ असा शेरा मारणारे सज्जन या उचलीचा हिशेब सहसा करीत नाहीत.

कायदा आहे. राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार निषिद्ध ठरविला. १९५६ साली अनैतिक व्यापारविरोधी कायदा झाला, १९८६ मध्ये तो दुरुस्त झाला. केंद्र सरकारने २००७ साली ‘उज्ज्वला’ योजना आणली. २०२२ पासून ती ‘शक्ती सदन’ योजनेत विलीन झाली आहे. आसरा, समुपदेशन, प्रशिक्षण असे सारे या योजनांत आहे. प्रशिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी शिवणयंत्र, पापड, मसाले किंवा उदबत्ती. शिवणयंत्रावर आपल्या समाजकल्याणाची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी बहुधा ते बनविणाऱ्या कारखानदाराचीही नसेल! सहा महिन्यांत जेमतेम सरळ शिवण घालू लागलेल्या बाईची गाठ तयार कपड्यांच्या बाजाराशी पडते. तेथे तिचा निभाव लागावा तरी कसा?

सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले होते. बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात २०११ साली केंद्र व राज्य सरकारांना पुनर्वसनाच्या योजना करावयास सांगताना न्यायालयाने बजावले, की शिवणकाम शिकवावयाचे असेल तर शिवलेल्या कपड्यांना बाजारपेठही मिळवून द्यावी. अन्यथा माल पडून राहील आणि त्या बाईचे पोट भरणार नाही. पुनर्वसनावरील पुष्कळ अहवालांत न सापडणारे शहाणपण या एका वाक्यात आहे.

ते प्रत्यक्षात कसे उतरू शकते, हे पाहण्यासाठी गोव्याकडे वळावे. वास्कोजवळची बायणा किनाऱ्यावरील वस्ती जून २००४ मध्ये पाडण्यात आली. घरे गेली, धंद्याची जागा गेली. स्त्रिया मात्र होत्या तेथेच राहिल्या किंवा पांगल्या. तेथे १९९७ पासून काम करणाऱ्या ‘अन्यायरहित जिंदगी’ अर्थात ‘अर्ज’ या संस्थेने २००६ साली ‘स्विफ्ट वॉश’ नावाची यांत्रिक लाँड्री सुरू केली. गिऱ्हाईक ठरलेले : हॉटेले व इतर संस्था. कामाला शोषणातून बाहेर पडलेल्या स्त्रिया व त्यांच्या घरची माणसे.

ही निवड वाटते तितकी साधी नाही. चादरी आणि टॉवेल रोज मळतात, त्यामुळे काम रोज येते. फॅशन बदलली म्हणून ते थांबत नाही. यंत्र चालविणे, घड्या घालणे, मोजणे हे थोड्या दिवसांत शिकता येते आणि पहिल्या महिन्यापासून पगार देता येतो. शिवाय धुतलेली चादर कोणी धुतली, हे तिच्यावर लिहिलेले नसते. गिऱ्हाईक दया म्हणून नव्हे, तर चादर वेळेवर आली म्हणून पुन्हा काम देते. कोलकात्याच्या सोनागाछीत ‘फ्रीसेट’ या उद्योगाने २००१ साली वीस स्त्रियांना घेऊन तागाच्या पिशव्या शिवण्यास आरंभ केला, तोही परदेशातील ग्राहकांवर नजर ठेवूनच. तेथे शिवणयंत्र उपयोगी पडले, कारण पिशवीला मागणी होती.

अशा उद्योगात एकट्या संस्थेचे चालत नाही. बाई आज का आली नाही, सावकार पुन्हा दारात येऊन बसला काय, हे संस्थेला कळते. पण कपड्याचा भाव कसा लावावा, यंत्र बंद पडले तर काय करावे, हे तिला ठाऊक नसते. उद्योजकाला ते ठाऊक असते. पण तीन दिवस गैरहजर राहिलेल्या कामगाराला काढून टाकणे एवढाच उपाय त्याला सुचतो. वर्षानुवर्षे रात्री जागलेल्या आणि रोजचा पैसा रोज हाती घेतलेल्या स्त्रीला सकाळी आठला हजर होणे व महिनाअखेरीपर्यंत थांबणे शिकायला काही महिने लागतात. त्या महिन्यांचा तोटा कोणी सोसावयाचा, हे आधी ठरले नाही तर भागीदारी वर्षभरातच मोडते.

एक आक्षेप येथे विचारात घेतलाच पाहिजे. सांगलीची ‘संग्राम’ आणि तिच्या कामातून उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ या संघटनांचे म्हणणे असे, की या व्यवसायातील प्रत्येक स्त्री विकून आणलेली नसते आणि सक्तीची ‘सुटका’ हाही अन्यायच. हे म्हणणे झटकून टाकता येणार नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांची पाहणी करून त्यांच्या सुटकेचा विचार करण्यास राज्यांना सांगितले. नोकरी ही सुटकेची अट झाली, तर मालक तेवढा बदलेल. ज्या स्त्रीला बाहेर पडावयाचे आहे, तिच्यासमोर पगाराची जागा खुली असावी, एवढीच येथे मागणी आहे.

ती जागा निर्माण करण्याची सर्वांत मोठी शक्ती सरकारपाशीच आहे, कारण त्याच्याइतके मोठे गिऱ्हाईक दुसरे नाही. केंद्रीय खात्यांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के लघुउद्योगांकडून, आणि त्यांत ३ टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. परंतु त्यात विचारले जाते ते मालक कोण हे, कामावर कोण आहे हे नव्हे. शासकीय रुग्णालयांच्या चादरी रोज धुवाव्याच लागतात. त्यांच्या निविदेत मागील वर्षांची उलाढाल व अनुभव मागितला, तर नव्याने उभी राहिलेली वीस बायकांची लाँड्री पहिल्याच पानावर बाद होते. समाजकल्याणाचे अनुदान मागण्यासाठी मात्र तिचा अर्ज त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यात पडून असतो.